अनुराधपूरचे दोन विहार : बाराशे वर्षांचं वैर, बाराशे वर्षांचा शेजार

अश्मक

नमस्कार मंडळी,

बौद्ध पंथांच्या भांडणांचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा लगेच शून्यवाद, विज्ञानवाद, अर्हत मोठा की बोधिसत्त्व मोठा, इकडे वळते. ते मतभेद खरेच आहेत. पण एकाच बुद्धाला शरण गेलेले दोन विहार एकमेकांच्या मुळावर का उठतात, आणि तेच विहार पुढे शतकानुशतकं शेजारी शेजारी सुखाने कसे नांदतात, याचा उलगडा त्यातून होत नाही. मला तो श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या इतिहासात सापडला. महाविहार शहराच्या दक्षिणेला, अभयगिरी उत्तरेला, मधलं अंतर सायकलवरून सहज जाता येईल इतकं. लेख लांबला आहे, सवडीने वाचा.

महाविहार थोरला. इ. स. पू. तिसऱ्या शतकात महिंद थेर (थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्षू) लंकेत आले, तेव्हा देवानंपिय तिस्स राजाने त्यांना राजधानीलगतचं उद्यान दिलं, तिथे तो उभा राहिला. त्यानंतर साधारण दीडशे वर्षांनी वट्टगामणी अभय गादीवर आला. सिंहली लोक त्याला वळगंबा म्हणतात. दक्षिण भारतातून स्वारी झाली आणि त्याला रथातून पळावं लागलं. वाटेत गिरी नावाचा एक निगंठ म्हणजे जैन साधू ओरडला, की तो बघा काळा सिंहल पळतोय. राजाने ते मनात धरलं. चौदा वर्षांनी राज्य परत मिळाल्यावर त्याने तो निगंठांचा आश्रम पाडला, त्या जागी विहार बांधला आणि पडत्या काळात ज्याने साथ दिली त्या महातिस्स थेराला तो देऊन टाकला.

ठिणगी पडली ती इथे. दान एका भिक्षूला, त्याच्या नावाने दिलं होतं. महाविहाराने महातिस्सावर ठपका ठेवला की हा गृहस्थांच्या घरांत नको तितका वावरतो, आणि त्याला संघाबाहेर काढलं. त्याचा शिष्य बहलमस्सु तिस्स गुरूच्या बाजूने उभा राहिला. दोषी माणसाची कड घेतोस म्हणून त्यालाही काढलं. तो पाचशे भिक्षूंना घेऊन अभयगिरीत गेला तो परत आलाच नाही.

आता यात सिद्धान्ताचा वाद कुठे आहे? बुद्धाच्या स्वरूपाबद्दल, निर्वाणाबद्दल, सूत्रांबद्दल एक शब्द नाही. वाद शिस्तीचा आहे आणि त्याच्या तळाशी दान आहे. भारतातून वज्जिपुत्तक परंपरेचे भिक्षू धम्मरुचि आचार्यांचं नाव घेऊन अभयगिरीत आले ते या फुटीनंतर. महायानाचे ग्रंथ आले ते त्याहूनही नंतर. भावकीत चूल आधी वेगळी होते आणि कुलाचार पुढच्या पिढ्यांत वेगळे होतात, तसाच हा प्रकार आहे.

याच वळगंबाच्या काळात, मातळेजवळच्या अलुविहारात, तोवर मुखोद्गत असलेलं तिपिटक पहिल्यांदा लिहून काढलं गेलं. त्यामागे दुष्काळ आणि लढायांमुळे ते विसरलं जाण्याची भीती होती, हे खरंच आहे. पण राजाचा वरदहस्त असलेला दुसरा संघ त्याच सुमारास उभा राहिला होता, हीसुद्धा त्यामागची एक निकड असावी असं मला वाटतं.

खरा घाव पडला तो पावणेचारशे वर्षांनी, तिसऱ्या शतकाच्या अखेरीस, महासेन राजाच्या काळात. त्याचा गुरू संघमित्त चोळ देशातून आलेला आणि अभयगिरीच्या बाजूचा. त्याच्या सांगण्यावरून राजाने फर्मान काढलं, की महाविहारातल्या भिक्षूला जो भिक्षा घालेल त्याला शंभर नाण्यांचा दंड. एवढं एक फर्मान पुरलं. भिक्षा बंद झाल्यावर भिक्षू राहणार कसे? ते लंकेतल्याच मलय (मधला डोंगराळ भाग) आणि रोहण (दक्षिणेकडचा भाग) या दूरच्या मुलखांत निघून गेले आणि महाविहार नऊ वर्षं ओस पडला. त्याचा सात मजली लोहप्रासाद मोडून लाकूड-सामान अभयगिरीकडे नेलं. विहाराच्या जमिनीवर नांगर फिरवून उडीद पेरले, असं परंपरा सांगते.

यानंतरची हकीगत महावंस या लंकेच्या पाली इतिहासग्रंथात आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. राजाचा जिवलग मित्र आणि अमात्य मेघवण्णाभय या प्रकाराने संतापला आणि मलयात जाऊन सैन्य जमवून राजावर चालून आला. दोन्ही सैन्यांचे तळ समोरासमोर पडले. रात्री मेघवण्णाभयापुढे मलयाकडून आलेलं चांगलंचुंगलं जेवण आलं, आणि राजाला सोडून हे आपल्या घशाखाली उतरणार नाही असं त्याला वाटलं. ते जेवण घेऊन तो एकटाच राजाच्या तळात गेला. दोघे जेवायला बसले. जेवता जेवता राजाने विचारलं, तू माझ्यावर का उलटलास? तो म्हणाला, तुम्ही महाविहार उद्ध्वस्त केलात म्हणून. राजाने तिथल्या तिथे तो पुन्हा बांधून द्यायचं कबूल केलं. संघमित्ताचा शेवट मात्र वाईट झाला. तो थूपाराम हा जुना स्तूप पाडायला गेला तेव्हा राजाच्या लाडक्या राणीने एका सुताराकरवी त्याला ठार मारवलं.

एवढं होऊनही महासेनाने पुढे महाविहाराच्याच हद्दीत जेतवनाचा प्रचंड स्तूप बांधायला घेतला, तो या दोन्हींहून वेगळ्या, तिसऱ्या गटाच्या तिस्स नावाच्या थेरासाठी. मूळ उंची सुमारे १२२ मीटर. प्राचीन जगात त्याहून उंच बांधकामं मोजकीच होती. महाविहाराचे भिक्षू पुन्हा नऊ महिने बाहेर. पुढे त्या तिस्सावर गंभीर दोषाचा आरोप सिद्ध झाला, तेव्हा न्यायाधिकाऱ्याने राजाची इच्छा नसतानाही त्याचं चीवर (भिक्षूचं वस्त्र) उतरवलं. त्या न्यायाधिकाऱ्याचं मला राहून राहून कौतुक वाटतं.

हे सगळं आपण वाचतो ते महाविहाराच्या लेखणीतून. महावंस तिथेच लिहिला गेला. अभयगिरीने स्वतःचा इतिहास लिहिला असेल तर तो उरलेला नाही. महावंसातला हा दुष्ट महासेन मिन्नेरियाचा विशाल तलाव बांधणारा राजा होता, आणि त्या तलावाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या लोकांनी त्याला मिन्नेरी दैवत म्हणून पुजलं. शेतकऱ्यांची आठवण आणि भिक्षूंची आठवण एकमेकींना छेद देतात, त्या दोन्ही ठेवाव्यात.

महासेनानंतर शंभरेक वर्षांनी, पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, चिनी भिक्षू फा-श्यान अनुराधपुरात दोन वर्षं राहिला. त्याला काय दिसलं? अभयगिरीत पाच हजार भिक्षू, महाविहारात तीन हजार, मिहिंतळेच्या डोंगरावर दोन हजार. दरवर्षी दंतधातूची, म्हणजे बुद्धाच्या दाताच्या अवशेषाची, मिरवणूक शहरातून अभयगिरीला जायची आणि तिथे नव्वद दिवस पूजा चालायची. महाविहारातल्या एका थोर भिक्षूच्या अंत्यसंस्काराचंही वर्णन तो तितक्याच आदराने करतो. त्या अंत्यसंस्काराला राजा हजर होता. शंभर वर्षांपूर्वी ज्या शहरात एका विहाराला भिक्षा घालणं गुन्हा होता, तिथे दोन्ही विहारांच्या पंगती उठत होत्या.

माझं म्हणणं थोडक्यात असं : पंथ वेगळे असल्याने वैर होत नाही. एकाच्या हाती राजदंड आला की होतं. तुम्हाला काय वाटतं?

---

लेणीवेडा

उत्तम लेख. आपल्या सह्याद्रीत याला पूरक पुरावा आहे, तोही दगडात कोरलेला.

नाशिकच्या लेणी क्रमांक ३ मध्ये सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा लेख आहे, त्यात लेणं भद्रायनीय भिक्षूंना दिल्याचं म्हटलंय. कान्हेरीलाही भद्रायनीय आहेत. कार्ल्याला सातवाहन राजा पुलुमावीच्या २४ व्या राज्यवर्षातला लेख आहे. हरफरण नावाच्या उपासकाने नऊ खोल्यांचा मंडप दिला आणि तो महासांघिकांच्या ताब्यात दिला. जुन्नरला धर्मोत्तरीयांच्या भिक्षुणींसाठी केलेल्या विहाराचा उल्लेख आहे. म्हणजे घाटमाथ्यावर दोन-तीन मुक्कामांच्या अंतरात तीन वेगळे निकाय, म्हणजे भिक्षूंचे पंथ.

पण खरी गंमत कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर आहे. तिथे एक खांब सोपाऱ्याच्या सातिमिताचं दान आहे, आणि तो स्वतःची ओळख धर्मोत्तरीयांचा भाणक, म्हणजे पाठ म्हणणारा, अशी करून देतो. खांबात त्याने धातू म्हणजे अस्थि-अवशेषही ठेवले. एका निकायाचा भिक्षू, आणि दान देतोय अशा ठिकाणी जिथे आपल्याला पुढे महासांघिक दिसतात. शेजारच्या खांबांवर धेनुकाकट गावचे यवन म्हणजे ग्रीक आहेत, व्यापारी आहेत. देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी निकायाचं नावच घातलेलं नाही. उषवदाताने करजिक गाव दिलं तेसुद्धा वळूरक, म्हणजे कार्ल्याच्याच, लेण्यांत राहणाऱ्या चारी दिशांच्या भिक्षुसंघासाठी, कुठल्याही पंथाच्या असोत.

चैत्यात उजव्या बाजूने आत जाऊन खांबाच्या अंगावरची अक्षरं शोधा. ऊन तिरकं असलं की ती उठून दिसतात. एकाच मापाची, एकाच हाताने कोरल्यासारखी, आणि देणारे मात्र दहा गावचे.

---

पिंपळपान

लेख आवडला, पण निष्कर्ष मला अर्धाच पटतो. सिद्धान्ताला तुम्ही फार हलक्यात काढलंय.

महासेनाच्याही आधी, तिसऱ्या शतकातच, वोहारिक तिस्स राजाने कपिल नावाच्या अमात्याकरवी वेतुल्यवादी, म्हणजे महायानाकडे झुकणारी, मतं चिरडली. मग गोठाभयाने अभयगिरीतल्या साठ वेतुल्यवादी भिक्षूंना समुद्रापार हाकलून दिलं. हे जमिनीवरून झालेलं भांडण नाही. वेतुल्यवाद्यांची काही मतं कथावत्थू या पाली ग्रंथाच्या अट्ठकथेत म्हणजे टीकेत नोंदली आहेत : बुद्ध खऱ्या अर्थाने मनुष्यलोकात राहिलेच नाहीत, त्यांनी स्वतः धम्म सांगितलाच नाही, संघ दान स्वीकारतो असं म्हणता येत नाही. ज्या भिक्षूने आयुष्यभर असं मानलं की बुद्ध आपल्यासारखा जन्मला, म्हातारा झाला, आजारी पडला आणि गेला, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल? तो मनापासून हादरला असणार. त्याच्या रागाला नुसतं दानाचं भांडण म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

---

अश्मक

पिंपळपान, मुद्दा मोलाचा आहे. त्या भिक्षूचा धक्का खरा होता, यात शंका नाही.

मात्र तुम्हीच दिलेल्या यादीतलं तिसरं मत पुन्हा वाचा. संघ दान स्वीकारतो असं म्हणता येत नाही! अमूर्त वाटणारं हे मत मान्य केलं तर विहाराला मिळालेली शेतं, तळी, गावं कुणाची? सिद्धान्त आणि दान इथे एकमेकांत इतके गुंतलेत की वेगळे काढता येत नाहीत. शिवाय ही मतं अभयगिरीत पुढेही शिकवली जातच होती. सातव्या शतकात ह्युएन त्संग लंकेत पोचू शकला नाही, पण त्याने ऐकून लिहिलंय की महाविहारवाले महायानाला विरोध करतात आणि अभयगिरीवाले दोन्ही शिकतात. म्हणजे मतभेद चारशे वर्षांनंतरही तितकेच होते. हकालपट्टी आणि मोडतोड झाली ती मोजक्या राजांच्या मोजक्या वर्षांत.

तोच ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला होता. इथे शंभरेक संघाराम म्हणजे विहार, पाचेक हजार भिक्षू, आणि महायान व हीनयान दोन्हींचा अभ्यास करणारे, असं त्याने लिहिलंय. त्याच शतकात आलेला इ-त्सिंग तर सांगतो की दोन्हीकडचा विनय, म्हणजे भिक्षूंचे नियम, एकच आहे. जे बोधिसत्त्वांना वंदन करतात आणि महायानाची सूत्रं वाचतात ते महायानी, बाकीचे दुसरे. एकाच विहारात, एकाच पंगतीत दोन्ही प्रकारचे भिक्षू बसत असणार.

---

शालवन

राजदंडाच्या मुद्द्याला तिबेटमधून दुजोरा. सतराव्या शतकात मंगोल सैन्याच्या बळावर पाचव्या दलाई लामांची सत्ता आली आणि जोनांग पंथाचे मध्य तिबेटमधले मठ दलाई लामांच्याच गेलुग पंथाकडे वळवले गेले. भारतातल्या बौद्ध धर्माचा इतिहास लिहिणाऱ्या तारानाथाचा मठसुद्धा त्यात गेला. सिद्धान्ताचं कारण दिलं गेलं, शून्यतेच्या अर्थाचं. पण जोनांग पंथ संपला नाही. ल्हासाचा हात जिथे पोचत नव्हता त्या पूर्वेकडच्या मुलखात तो टिकला, आजही आहे. तत्त्वज्ञान तेच होतं, फक्त तिथे फर्मान पोचलं नाही.

आणि एकोणिसाव्या शतकात त्याच पूर्वेकडच्या खाम प्रांतात जामगोन कोंगत्रुल आणि जामयांग ख्येन्त्से वांगपो यांनी सगळ्या परंपरांच्या लोप पावत चाललेल्या शिकवणी गोळा केल्या. दोघे वेगळ्या पंथांचे. एकमेकांकडून दीक्षा घेतल्या, ग्रंथ छापवले. पंथ मोडून एक करायचा, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. ज्याचा त्याचा पंथ राहू द्या, पण दुसऱ्याचंही शिका, इतकंच.

---

वैनगंगा

जय भीम. धागा मनापासून वाचतेय. मी नागपूरची, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी इतिहासापुरता नाही.

१३ ऑक्टोबर १९५६ ला, दीक्षेच्या आदल्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपुरात पत्रकारांना स्पष्ट सांगितलं होतं की हीनयान-महायानाच्या वादात आपल्या लोकांना अडकवायचं नाही, बुद्धाने सांगितलेल्या तत्त्वांना धरून राहायचं, हवं तर याला नवयान म्हणा. दुसऱ्या दिवशी त्यांना त्रिशरण-पंचशील दिलं ते चंद्रमणी महास्थविरांनी, मूळचे आराकानचे, थेरवादी, म्हणजे महाविहाराच्याच, परंपरेतले. आणि त्यानंतर बाबासाहेबांनी लोकांना दिलेल्या २२ प्रतिज्ञा कुठल्याच जुन्या परंपरेत नाहीत. एकाच मंचावर परंपरा घेतलीही आणि तिच्यापुढे पाऊल टाकलंही.

आज आमच्याकडे बघा. जपानी महायान परंपरेतून आलेले भदंत सुरई ससाई नागपूरचेच झाले. कामठीला ड्रॅगन पॅलेस आहे, जपानच्या मदतीने उभा राहिलेला. गोंदिया जिल्ह्यात तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. इगतपुरीची विपश्यना ब्रह्मदेशातून आली. वस्तीतल्या विहारात वंदना पालीत होते. हिवाळ्यात स्वेटर विकायला आलेल्या तिबेटी बायका आमच्या विहारात येतात. त्या हातातली माळ ओढत मूर्तीपुढे तीनदा लोटांगण घालतात आणि आमच्या आज्या पंचांग प्रणाम करतात. मग आज्या त्यांना चहा देतात. कुणी कुणाला चुकतेस म्हणत नाही.

पण भांडणं आमच्यातही आहेत, लपवून काय उपयोग? विपश्यनेला जाणाऱ्यांना काही जण म्हणतात, तुम्ही डोळे मिटून बसता आणि अत्याचाराविरुद्धचा मोर्चा रिकामा जातो. विपश्यनावाले म्हणतात, मन शांत नसेल तर मोर्चातून राग तेवढा घरी येतो. एका विहारात तर अवलोकितेश्वराची तसबीर लावायची की नाही यावरून कार्यकारिणी फुटली. एका गटाला वाटलं की आज बोधिसत्त्व आला, उद्या दुसरे देव येतील आणि प्रतिज्ञांचं काय? त्यांची भीती पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहे, तिला कुणी अडाणीपणा म्हणू नये. तसबीर शेवटी लागली नाही. दोन्ही गट बुद्धपौर्णिमेला एकत्र येतात, खिरीचा खर्चही वाटून घेतात.

अश्मक यांच्या मांडणीत मला एक भर घालायची आहे. राजदंड म्हणजे फक्त राजा नव्हे. ज्याच्या हाती विहाराची जागा, दानपेटीची किल्ली आणि ट्रस्टचे कागद, तोही राजदंडच.

---

लेणीवेडा

वैनगंगाताई, शेवटचं वाक्य अगदी खरं. विहाराच्या जागेचा सातबारा कुणाच्या नावावर, यावरून झालेली भांडणं मी आमच्याकडेही पाहिली आहेत.

---

शालवन

ताई, बाबासाहेब १९५० मध्ये कॅंडीला जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले होते, तेव्हा त्यांच्यासमोर जी लंका होती तिच्यातलं एक दुखणं इथे सांगायला हवं. अठराव्या शतकापर्यंत लंकेत उपसंपदा, म्हणजे भिक्षूची पूर्ण दीक्षा, देण्याइतके भिक्षूच उरले नव्हते. १७५३ मध्ये वेलिविट सरणंकर यांच्या खटपटीने सयामहून उपालि थेर आले आणि परंपरा पुन्हा सुरू झाली. तो सियाम निकाय. पण थोड्याच वर्षांत उपसंपदा फक्त गोविगम या शेतकरी उच्च जातीलाच द्यायची असा पायंडा पडला, राजाच्या हुकमाने. बुद्धाच्या संघात जात!

किनाऱ्यावरच्या सलागम, कराव, दुराव या जातींच्या लोकांनी काय केलं? हळहळत बसले नाहीत. सलागम समाजाचे अंबगहपिटिये ज्ञानविमल १८०० च्या सुमारास काही श्रामणेरांसह (शिकाऊ भिक्षूंसह) ब्रह्मदेशातल्या अमरपूरला गेले, तिथे उपसंपदा घेतली आणि १८०३ मध्ये परतले. तो अमरपूर निकाय. १८६४ मध्ये आणखी कडक विनयाचा आग्रह धरणारा रामञ्ञ निकाय निघाला. आज आपण ज्याला लंकेतला एकसंध थेरवाद समजतो, तो या तीन निकायांतून घडला आहे. एक खांदा उघडा की दोन्ही झाकलेले यावरून भिक्षू ओळखू येतो. २०१९ मध्ये अमरपूर आणि रामञ्ञ एकत्र आले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

---

पिंपळपान

हे माहीत नव्हतं. म्हणजे फूट पडली म्हणून एका समाजाला चीवर मिळालं. एकीच राहिली असती तर दार बंदच राहिलं असतं.

अश्मक, मग मूळ प्रश्न. महाविहार आणि अभयगिरी यांचं भांडण मिटलं कसं? आणि तुम्ही तिथे गेला होतात तर आज अभयगिरीत काय उरलंय तेही लिहा.

---

अश्मक

मिटलं नाही, मिटवलं गेलं. ९९३ च्या सुमारास चोळांनी अनुराधपूर लुटलं, राजधानी पोळोन्नरुवाला गेली, सगळेच विहार खिळखिळे झाले. विजयबाहूने अकराव्या शतकात ब्रह्मदेशातून भिक्षू बोलावून उपसंपदा पुन्हा सुरू केली. मग ११६५ च्या सुमारास पराक्रमबाहूने महाकस्सप थेरांच्या अध्यक्षतेखाली संघाची शुद्धी केली. अभयगिरी आणि जेतवनाच्या भिक्षूंना सांगितलं, की तुमची उपसंपदा धरली जाणार नाही, पुन्हा श्रामणेर व्हा आणि महाविहाराच्या रीतीने सुरुवात करा. पन्नास-पन्नास वर्षं भिक्षू राहिलेली माणसं शिकाऊ मुलांच्या रांगेत बसवली. कित्येकांनी चीवर उतरवणं पसंत केलं. पोळोन्नरुवाच्या गलविहारात निजलेल्या आणि उभ्या बुद्धमूर्तींच्या शेजारी खडकावर या नियमांचा लेख आहे. पर्यटक मूर्तींचे फोटो काढतात, लेखाकडे फारसं कुणी बघत नाही. एकीकरण म्हणून शाळेच्या पुस्तकांत याचं कौतुक असतं. मला तो लेख वाचताना वाईट वाटलं.

कारण त्या एकीची किंमत ग्रंथांनी मोजली. बुद्धघोषाने पाचव्या शतकात महाविहारात बसून लिहिलेला विसुद्धिमग्ग हा साधनेवरचा ग्रंथ आज जगभर वाचला जातो. त्याच्या आधीचा विमुत्तिमग्ग, ज्याचा संबंध अनेक अभ्यासक अभयगिरीशी जोडतात, तो पूर्ण मिळतो तो सहाव्या शतकातल्या चिनी भाषांतरात. लंकेत नाही. अभयगिरीचा ठसा जावामध्ये सापडतो. रातु बोको टेकडीवरच्या इ. स. ७९२ च्या लेखात अभयगिरी विहाराचं नाव आहे. चीनमध्ये तंत्रमार्ग रुजवणारा अमोघवज्रही आठव्या शतकात लंकेत शिकून गेला. बाहेरच्या जगाशी दारं उघडी ठेवणारा विहार गेला आणि त्याचं सामान बाहेरच्या जगात शिल्लक राहिलं.

आज तिथे काय आहे? स्तूप आहे, समाधी बुद्ध आहे, कुट्टम पोकुण हे जोड-तळं आहे. मी सगळ्यात जास्त वेळ काढला तो भोजनशाळेपाशी. भात वाढण्यासाठी लांबलचक दगडी द्रोण आहे, होडीच्या आकाराचा. माझ्यासोबतच्या वाटाड्याने हातभर काठीने दाखवलं, भात कुठून ओतायचे, भिक्षू कुठून रांगेने जायचे. त्या द्रोणाच्या कडा आतून गुळगुळीत झिजल्या आहेत.

आणि एक गोष्ट, जी मला कुठल्याही ग्रंथापेक्षा जास्त बोलकी वाटली. पांसुकूलिक नावाचे कडक विरक्त भिक्षू आधी अभयगिरीतच होते, नवव्या शतकात दुसऱ्या सेन राजाच्या काळात ते वेगळे झाले. अनुराधपूरच्या पश्चिमेला रानात अशा तपस्व्यांच्या वास्तू आहेत. बांधकाम साधं, ना मूर्ती, ना नक्षी. कोरीवकाम एकाच ठिकाणी : मूत्रविसर्जनाच्या दगडावर. त्यावर मजल्यांचे प्रासाद कोरले आहेत. श्रीमंत विहारांच्या डौलाचा हा निषेध होता असं अनेकांचं मत आहे, मलाही ते पटतं. बाहेरच्या शत्रूविरुद्ध कुणी इतक्या मेहनतीने दगड कोरत नाही. हा राग घरातल्यांवरचा आहे.

---

वैनगंगा

पराक्रमबाहूच्या शुद्धीत भिक्षुणींचं काय झालं?

---

अश्मक

ताई, तोवर लंकेत भिक्षुणीसंघच उरला नव्हता. चोळांच्या काळात तो संपला. पण त्याची गोष्ट इथेच संपत नाही, आणि या धाग्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट तीच आहे.

इ. स. ४२९ मध्ये आणि पुन्हा ४३३ मध्ये नंदी नावाच्या नाखव्याच्या जहाजातून सिंहली भिक्षुणी चीनमध्ये, आजच्या नानजिंगला पोचल्या. तिथे भिक्षुणी होत्या, पण त्यांची उपसंपदा फक्त भिक्षूंकडून झालेली. विनयाप्रमाणे दोन्ही संघांकडून व्हायला हवी. सिंहली भिक्षुणींनी आधी चिनी भाषा शिकून घेतली आणि ४३४ मध्ये तीनशेहून अधिक चिनी स्त्रियांची उपसंपदा रीतसर झाली. ती परंपरा चीन, कोरिया, तैवानमध्ये महायानी वातावरणात चालत राहिली.

मग १९९६ मध्ये सारनाथला कोरियन संघाच्या मदतीने दहा सिंहली स्त्रियांनी उपसंपदा घेतली. १९९८ मध्ये बोधगयेला तैवानच्या फो ग्वांग शान विहाराने मोठा उपसंपदा सोहळा केला, त्यात वीसेक सिंहली स्त्रिया होत्या. परत आल्यावर दंबुल्लाला थेरवादी भिक्षूंनी इनामलुवे सुमंगल थेरांच्या पुढाकाराने त्यांची उपसंपदा पुन्हा पक्की केली. आता दंबुल्लालाच नव्या भिक्षुणी घडतात.

विरोध करणारे ज्येष्ठ भिक्षू अजूनही म्हणतात की ही महायानाची उपसंपदा, आमच्याकडे धरता येणार नाही. सरकारी कागदांवर भिक्षुणी म्हणून नोंद मिळवण्यासाठीही या स्त्रियांना झगडावं लागलं.

---

वैनगंगा

आमच्या महिला मंडळातल्या दोघी यंदा लंकेला जाणार आहेत. त्यांचा बेत अनुराधपूर आणि कॅंडीचाच होता. दंबुल्ला वाटेवरच आहे, तिथल्या भिक्षुणींना भेटून दान द्यायचं आता ठरवलंय. तिथे भोजनदान दुपारी बाराच्या आत द्यावं लागतं ना? आणि चीवर न्यायचं असेल तर रंग कुठला चालतो, कुणाला माहीत असेल तर कळवा.

---

शालवन

हो ताई, बाराच्या आत, त्यामुळे दहापर्यंत पोचलेलं बरं. चीवराचा रंग निकायाप्रमाणे बदलतो, म्हणून इथून नेऊ नका. आधी विहारात विचारून तिथल्याच दुकानातून घ्या. कोरडा शिधा, औषधं, वह्या-पेनं मात्र निःशंक न्या.